जाऊबाई चिखलदऱ्याला

गेल्या शनिवारी सकाळी सहाला वाशिमच्या अलीकडच्या आमच्या गोरेगावच्या चौकात मी गाडीजवळ यादी घेऊन उभी होते. आम्ही चौघीजणी, म्हणजे मी, थोरल्या जाऊबाई, नणंद आणि शेजारीण, थंडीत दोन दिवस चिखलदऱ्याला निघालो होतो… देवदर्शन नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. नुसतं फिरायला.

हे 'नुसतं' पचायला घरच्यांना दीड महिना लागला.

माझ्या थोरल्या जाऊबाई, शांताबाई, चौसष्ट वर्षांच्या आहेत. नांदेड पाहिलं ते ऑपरेशनसाठी, पुणे पाहिलं ते सुनेच्या बाळंतपणासाठी. स्वतःसाठी म्हणून कधी घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

त्यांचा मुलगा विशाल म्हणाला, "काकू, एवढ्या थंडीत आईला डोंगरावर काहून नेऊन राहिल्या? काही झालं तर?" म्हटलं, मी जबाबदार. तो म्हणाला, "ठीक आहे. पण काही झालं, तर पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही."

मीही हो म्हणून बसले…

शिक्षिका म्हणून तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्यात. नवख्या माणसांना कसं न्यायचं ते मला कळतं. दिवसाला दोनच ठिकाणं, उजेड आहे तोवर घाट चढायचा, खोली तळमजल्यावर, गरम पाणी आहे का ते दोनदा विचारायचं. तूर अजून शेतात उभी, हळद काढायला दोन-अडीच महिने… म्हणजे सबबीलाही जागा ठेवली नव्हती.

आणि रस्त्यावरच्या तीन हॉटेलांना फोन करून सरळ विचारलं, बायकांसाठी स्वच्छ संडास आहे का. एकजण गडबडला. "मॅडम, लोक जेवायचं विचारतात." म्हटलं, जेवण आम्ही घरून आणतोय.

वाशिम, अकोला, परतवाडा… तिन्ही ठिकाणी गाडी यादीप्रमाणे थांबली. आम्ही तिघी उतरलो. शांताबाई जागच्या हलल्या नाहीत. "मला न्हाई लागत. तुमी जाऊन या." मला बरंच वाटलं, वेळ वाचला.

घाट लागला आणि चार वळणांत त्यांचा चेहरा उतरला. गाडी थांबवेपर्यंत उलटी झाली. हात गार, डोळे मिटलेले, डोकं माझ्या खांद्यावर.

माझी नणंद मंदा, साखरा गावात दिलेली. ती घाबरली. "वहिनी, माघारी फिरू. डोंगराची हवा बाधली त्यांना." तेवढ्यात माझा फोन वाजला. विशाल. मी फोन पर्समध्ये टाकला… खरं सांगते, त्या क्षणी मीही हरले होते.

चूळ भरायला पाणी द्यावं म्हणून शांताबाईंच्या पिशवीतून बाटली काढली. सकाळी मीच दिलेली. झाकणाचं सील तसंच होतं.

"सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"न्हाई प्याले."

"का?"

"का म्हंजे… गाडीत बसायचं होतं ना. रस्त्यात बाईमाणसानं जावं कुठं? काल सांजपासून घोट घेतला न्हाई." घराला कुलूप लावून निघाले, असं सांगावं इतक्या सहज सांगितलं त्यांनी.

रागावणार होते. पण रागावणार कुणावर? थांब्यांची यादी माझ्या पर्समध्ये. मला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक. जिच्यासाठी केली, तिलाच वाचून दाखवली नव्हती… आणि एसटीने शाळेत जाताना मी तरी तीस वर्षं दुसरं काय केलं होतं?

मीठ-साखर घातलेलं पाणी घोटघोट पाजलं. अर्धा तास उन्हात बसवलं आणि यादी मोठ्यानं वाचली. त्यांनी नीट ऐकून घेतली. "खरंच सोय हाय? तू बघितली का?"

"पुढं खोलीवर दोन संडास आहेत. एक एकट्या तुमचा. आतून कडी लावा, कुणी दार वाजवणार नाही."

"एकटीचा?" त्या हसल्या आणि उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मग मी विशालला फोन केला. काही न लपवता सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानटोपी घालून शांताबाई तिथल्या किल्ल्याच्या दरवाजाशी आमच्या आधी पोहोचल्या. समोर नुसती धुक्याने भरलेली दरी. व्हिडिओ कॉल लावून फोन दरीकडे धरला आणि लेकाला म्हणाल्या, "बघून घे. थंडी बी हाय अन् मी बी हाय."

मग आम्ही कॉफी प्यायलो. त्या दोन कप प्यायल्या. मोजून सांगतेय, कारण हा माझा विजय आहे.

परतीला अकोल्याच्या अलीकडे त्यांनी ड्रायव्हरला आवाज दिला, "भाऊ, यादीतलं हॉटेल आलं की थांबा." गाडी थांबली. सगळ्यांत आधी त्या उतरल्या आणि सगळ्यांत सावकाश परत आल्या. मंदा म्हणाली, "बाई, उशीर होऊन राहिला." "होऊ दे. पाणी प्यालेय मी."

काल विशालचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाला, "काकू, ती यादी पाठवा. आई गल्लीतल्या बायकांना सांगत सुटली आहे. आठजणी तयार आहेत."

सहल आखताना पॉइंट शेवटी लिहा. आधी बाईमाणूस कुठे थांबू शकेल ते लिहा, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला वाचून दाखवा… म्हणजे ती पाणी पिऊन गाडीत बसेल.