आयुधपूजेतली स्टुलं

क्रांतीची व्याख्या मी नोकरीभर फळ्यावर लिहिली आणि तास संपला की पुसली. म्हैसूरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत असे. सत्तेच्या रचनेत अचानक आणि मुळापासून होणारा बदल, असं मी कन्नडमधून सांगायचे आणि मुली ते उतरवून घ्यायच्या. मग मागच्या बाकावरची कुणीतरी हमखास विचारायची, मॅडम, आजकाल अशी क्रांती होऊ शकते का? मी चेहरा गंभीर करून कारणं सांगायचे. लोक विखुरलेले आहेत, प्रत्येकाला आपापलं घर चालवायचं आहे, मोबाइलवर राग काढला की तो तिथेच विरतो. उत्तर परीक्षेला चालण्यासारखं होतं. खरं होतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं, कारण माझं सगळंच उंटावरून शेळ्या हाकणं. आमच्या कॉलेजात वर्गात शिक्षकांना खुर्चीही नसे. बसून शिकवलं की आळस येतो, असं व्यवस्थापनाचं मत होतं. त्यामुळे क्रांतीसुद्धा मी उभ्यानेच शिकवली.

क्रांती पाहिलेला माणूस आमच्या घरातच होता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. देश स्वतंत्र झाला तरी म्हैसूरात कारभार राजाचाच होता, आणि आता लोकांना उत्तर देणारं सरकार हवं म्हणून मोर्चे निघत होते. अण्णा तेव्हा शाळेत. राजवाड्याकडे निघालेल्या गर्दीत ते दप्तरासकट घुसले, पोलिसांचा मार खाल्ला आणि काही दिवस तुरुंगातला भात आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, खाऊन घरी आले. ही गोष्ट मी अजूनही मान ताठ करून सांगते. कुणी ऐकत नसेल तर पुन्हा सांगते.

गंमत अशी की याच अण्णांच्या घरात दसऱ्याला सगळ्यात वर राजा असायचा. म्हैसूरात नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली आम्ही मराठी मंडळीही मांडतो. वरच्या पायरीवर रक्तचंदनाची राजाराणी, त्याखाली देव, मग वाजंत्री, सैनिक, आणि सगळ्यात खाली डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेले जाडजूड शेट्टी-शेट्टम्मा. राजाराणीची जोडी आई लग्नात माहेरून घेऊन आली होती. तिचा हात वरच्या पायरीला पोचायचा नाही, म्हणून राजाला पुसून वर उभं करायचं काम अण्णांकडे. कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचल्यावर मी त्यांना टोचून विचारलं होतं, ज्याच्याविरुद्ध मार खाल्लात त्यालाच डोक्यावर बसवता?

अण्णा स्टुलावरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, “अगं, राजाशी भांडण कुठे होतं? आम्ही विचारलं की त्याने उत्तर द्यायचं, एवढंच अल्वा, हो की नाही? वरच्याला उत्तर द्यावं लागलं की झाली क्रांती. मग राहू दे त्याला वर.”

ही व्याख्या पुस्तकात नव्हती, म्हणून मी ती कधी फळ्यावर लिहिली नाही.

मी एकुलती एक. आईची ती जोडी माझ्याबरोबर सासरी आली आणि गेल्या काही वर्षांपासून ती पुसायचं काम माझ्या सुनेकडे आहे. सून सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला घट बसवणं माहीत होतं, गोंबे माहीत नव्हते. पहिल्या वर्षी मी पेटी तिच्या हवाली करून देवळात गेले. परत येऊन बघते तर राजाराणी सगळ्यात खाली, दाराच्या बाजूला, आणि शेट्टी-शेट्टम्मा सगळ्यात वर! मी कपाळावर हात मारला. तिचं म्हणणं साधं होतं. राजाराणी उभी आहेत, म्हणजे नवराबायको पाहुण्यांचं स्वागत करताहेत. शेट्टी-शेट्टम्मा बसलेली आहेत, म्हणजे घरातली मोठी माणसं. मी रागावले खरी, पण रात्री शेजारणीला फोनवर सांगताना मलाच हसू आवरेना. बसलेला तो मोठा, हे तिच्या डोक्यातलं गणित मला तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

पुढे तिला म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पॅकिंग विभागाची सुपरवायझर. लग्नानंतर इथली भाषा येत नाही म्हणून ती बराच काळ घरी बसून होती, मुलाखतीमागून मुलाखती देत होती, आणि तिकडून नकार आला की स्वयंपाकघरातली भांडी उगाचच पुन्हा घासत होती. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा तिने देवापुढे नाही, आधी माझ्यापुढे साखर ठेवली. तिच्या हाताखाली वीसेक बायका. यंत्राच्या पट्ट्यावरून प्लॅस्टिकची झाकणं येतात, ती तपासायची आणि खोक्यात भरायची. पूर्ण पाळी उभ्याने. बसायला काही नाही.

महिनाभरात ती घरी येऊन त्याच एका गोष्टीवर बोलू लागली. तिच्या विभागात नंजनगूडकडची एक थोराड बाई होती, सगळ्या तिला अक्का म्हणत. संध्याकाळपर्यंत अक्काचे पाय इतके सुजायचे की चपला हातात घेऊन ती बसमध्ये चढायची. झाकणं तर बसूनही तपासता येतात, पट्टा काही उंचावर नाही. सुनेने मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, बघू. पुन्हा विचारलं तर म्हणाला, वर विचारतो. वरून काही येईना. मग त्याने तिला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं की तुम्ही अजून कायम झालेल्या नाही, दसऱ्यानंतर तुमचं बघायचं आहे, तर आपल्या कामाशी काम ठेवा.

हे ऐकून मी घाबरले. मी राज्यशास्त्राची मास्तरीण खरी, पण सासूही होतेच. तिने किती वाट पाहून ही नोकरी मिळवली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिला म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? आधी कायम हो, मग काय ते कर. ती कणीक मळत राहिली.

थोड्या दिवसांनी नवरात्र बसलं. त्या सकाळी राजाला पुसता पुसता तिने विचारलं, “आई, आयुधपूजेत नेमकं काय काय ठेवतात? आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं ठेवतात. इथे तर लोक काहीही ठेवतात.”

आता मला काही विचारलं की मला तास घ्यायची खोड आहे. मी सांगितलं की इथे त्या दिवशी रिक्षा, बस, शिवणयंत्र, कॉम्प्युटर, सगळ्याला झेंडू आणि कुंकू लागतं. मी स्वतः निवृत्त होऊनसुद्धा डस्टर ठेवते. ज्याच्याशिवाय तुझं काम नीट होत नाही ते तुझं आयुध, अशी मी तिला व्याख्या दिली. आणि एकदा पूजा झाली की ती वस्तू कुणी पायाने ढकलत नाही, फेकत तर नाहीच, हेही वर सांगून टाकलं. तिने मान हलवली आणि राजाराणीला वर ठेवलं. बरोबर जागी.

कारखान्यातल्या आयुधपूजेला घरच्यांनाही बोलावतात, म्हणून मीही गेले. यंत्रांना केळीचे खुंट बांधले होते, दारात फोडायला कोहळा ठेवला होता, पुढे मालक आणि त्याच्या घरच्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, हातात फुलांच्या पिशव्या आणि काखेत काहीबाही घेऊन आत येत होत्या. सणाच्या दिवशी वॉचमन कशाला कुणाच्या काखेतलं तपासतोय?

मालक भटजींबरोबर आरतीचं ताट घेऊन विभागाविभागातून निघाला. आम्ही घरची मंडळी मागे. पॅकिंगमध्ये शिरलो आणि सगळे थबकले. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्टुलं मांडलेली होती. प्लॅस्टिकची, लाकडी, एक लोखंडी, रंग उडालेलं, कुणाच्या तरी न्हाणीघरातलं एक बुटकं. प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आणि प्रत्येक स्टुलामागे एक बाई हात जोडून उभी.

मॅनेजरचा चेहरा पडला. मालकाने विचारलं की हे काय आहे.

माझी सून पुढे आली. तिचं कन्नड अजून अडखळतं, पण ते वाक्य तिने पाठ केलेलं असणार, कारण एकही अक्षर चुकलं नाही.

“इदु नम्म आयुध, सार.”

हे आमचं आयुध आहे, सर. एवढंच. तिच्या पाठीवरचा पदर घामाने ओला झालेला दिसत होता मला. मला इतका अभिमान वाटला की अण्णांना हाक मारावीशी वाटली. मालक काही बोलणार तेवढ्यात भटजींनी, त्यांना सवयीने पुढे जायचं होतं म्हणा किंवा कळूनसवरून म्हणा, पहिल्या स्टुलावर पाणी शिंपडलं आणि मंत्र सुरू केला. मंत्र चालू असताना मालक काय बोलणार? ताट ओवाळत तो एकेका स्टुलासमोरून गेला. अक्काच्या स्टुलापाशी तो आला तेव्हा अक्का त्याच्याकडे बघत होती, खाली नाही.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर बायका कामावर गेल्या आणि आपापल्या स्टुलावर बसून झाकणं तपासू लागल्या. पूजलेल्या वस्तूवर बसायचं कसं, असं मॅनेजरने विचारून पाहिलं म्हणे. अक्का म्हणाली, पूजलेल्या बसमधूनच आलो की. दुपारी मालकाने सुनेला केबिनमध्ये बोलावलं. घरी त्या दिवशी मी देवापाशीही बसले नाही, नुसती गेटपाशी उभी. ती आली तीही रोजच्याच बसने, रोजच्यासारखीच चपला काढल्या आणि आधी पाणी प्यायली. मग सांगितलं. मालकाने तिला विचारलं की असं सणात घुसवण्याआधी सरळ का नाही विचारलंस? ती म्हणाली, विचारलं होतं सर, उत्तर आलं नाही. मालकाने मॅनेजरला बोलावून तेच विचारलं. हिने विचारलं होतं, तर उत्तर का दिलं नाही? मॅनेजरला तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागलं. स्टुलं राहिली. पुढे काही महिन्यांनी ती कायमही झाली, पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी आम्हाला दोघींनाही त्याची खात्री नव्हती, आणि तरीही मी शिरा केला.

याला कुणी क्रांती म्हणेल का? माझ्या जुन्या व्याख्येत हे बसत नाही. राज्य बदललं नाही, मालक तोच, कारखाना तोच. पुस्तकवाले हसतील. हसू देत. आजही क्रांती होते का असं आता एखादी मुलगी विचारेल तर मी तिला लोक विखुरलेत वगैरे सांगणार नाही. मी सांगेन की अगं, विखुरलेल्या बायका एकाच दिवशी एकेक स्टूल काखेत घेऊन आल्या की सुरुवात होते. पुढचं राजवाड्यापर्यंत जातं की नाही, ते पुढच्यांनी बघावं. अण्णासुद्धा निघाले तेव्हा फक्त शाळेतून निघाले होते.

या वर्षी गोंबे बघायला पॅकिंगमधल्या बायका आमच्या घरी आल्या. हळदकुंकू झालं, चुरमुरे-पंढरपुरी डाळं वाटलं. अक्काला मी माझ्या खुर्चीत बसवलं. आधी ती नको नको म्हणाली, मग ऐसपैस बसली. सुनेने चन्नपट्टणहून लाकडाचं एक इटुकलं रंगीत स्टूल आणलं होतं. ते कुठे ठेवायचं यावर आमची थोडी बाचाबाची झाली. ती म्हणाली शेट्टीच्या दुकानापाशी. मी ऐकलं नाही. मी स्वतः, या वयात, स्टुलावर चढून ते सगळ्यात वर ठेवलं, राजाच्या शेजारी.

अक्काने मान वर करून त्या स्टुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, राजा उभा आणि स्टूल रिकामं, असं का?

मी म्हटलं, “त्याला बसायचं असेल तर विचारू दे. आपण उत्तर देऊ.”