वारेवाले आणि न जळालेली चिप

वारेवाल्यांनी उभ्या आयुष्यात पंखेच दुरुस्त केले. मोटरीची जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजून वाळत ठेवायची. त्यांचं खरं नाव वीजबिलापुरतं उरलं होतं. गल्लीला ते वारेवाले म्हणूनच ठाऊक. हाताला सफाई अशी, की दुरुस्त होऊन गेलेला पंखा नव्याला लाजवायचा. "पोरांना अंघोळ घालताना कधी इतकं खरखरून घासलं नाही ह्यांनी," असं त्यांची बायको म्हणायची.

पुढे लोक पंखा बिघडला की टाकूनच द्यायला लागले. दुकान बंद झालं आणि वारेवाले घरात सगळ्यांच्या पायात यायला लागले. शेवटी बायकोनेच सुनेला गळ घातली, "ह्यांना ने गं तुझ्याबरोबर. चांगला चालणारा मिक्सर पुन्हा उघडून बसलेत."

सुनेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिने खिडकीशी एक स्टूल मांडून दिलं आणि अट घातली, "बाबा, पेटी, जाळी, पंखा, काय हवं ते चकचकीत करा. पण पंख्याखालचा तो धातूचा ठोकळा हलवायचा नाही. हलवलात, तर हे स्टूल घरी."

वारेवाल्यांनी मुकाट्याने मान डोलावली. सकाळी दाढी करून, डबा घेऊन कुठेतरी निघायला मिळत होतं. त्या स्टुलासाठी त्यांनी आणखी दहा अटी मानल्या असत्या.

एका दुपारी सून सामान आणायला बाजारात गेली होती. वारेवाल्यांसमोर इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका बाईंचा कॉम्प्युटर उघडा होता. ठोकळ्याच्या कडेला करडं काहीतरी चिकटलेलं दिसलं. त्यांनी नजर वळवली, पुन्हा पाहिलं. हात शिवशिवायला लागले. शेवटी ठोकळा उचललाच, तर त्याच्या तळाला आणि खाली चिपच्या अंगभर तोच करडा चिखल. "काय ही घाण," असं पुटपुटत त्यांनी स्पिरिटने तो असा पुसला, की चिपमध्ये त्यांना स्वतःचं नाक दिसलं. मग ठोकळा होता तसा बसवून टाकला.

सून आली. तिने कॉम्प्युटर सुरू करून एका मोठ्या इमारतीचा आराखडा पडद्यावर फिरवायला लावला. इमारत झरझर फिरली, मग रेंगाळली, मग अडखळत सरकायला लागली. आणि पडदा काळा झाला.

वारेवाले पेटीशी वाकले आणि वासाची वाट पाहत राहिले. जळकं वार्निश ते झोपेतही ओळखतील. पण वास येईना.

"ठोकळा काढला होतात?" सुनेने विचारलं.

"काढला. खाली चिखल होता, तो पुसला."

"बाबा, तो चिखल मीच लावला होता." ती खुर्चीत बसली. "चिप आणि ठोकळा, दोन्ही दिसायला गुळगुळीत. पण बारीक खड्डे असतात, त्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता लवकर पुढे जात नाही. ते खड्डे ही पेस्ट बुजवते. तुम्ही पुसलीत, म्हणून चिपचा ताप ठोकळ्यात चढलाच नाही आणि वर पंखा नुसताच गरगरत राहिला."

"म्हणजे जळाली."

"नाही जळाली."

"अगं, नाही कशी? तापलेली मोटर कधी थांबते का? जळेपर्यंत फिरते. माझं अख्खं पोट त्यावर चाललं."

"ही आधी आपला वेग कमी करते. तरी ताप उतरला नाही, तर वीजच तोडायला लावते. तिच्या पोटातच ताप मोजायची सोय असते."

वारेवाल्यांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "स्टूल नेतो मी घरी. पण आधी एकदा दाखव."

सुनेने भंगारातला एक बोर्ड काढला. त्यावरची चिप उघडीच होती, ना ठोकळा, ना पंखा. वीज दिली. पडद्यावर तिच्या तापाचा आकडा चढायला लागला. वारेवाल्यांनी वर तळवा धरला. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो तुकडा, पण तव्यासारखी धग येत होती. आकडा आणखी चढला, आणि सगळं गप्प झालं. धूर नाही, वास नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने चिप निवू दिली आणि पुन्हा वीज दिली. चिप पुन्हा तापली, पुन्हा वेळेवर थांबली.

"माझ्या हाताखालून इतक्या मोटरी गेल्या," वारेवाले हळूच म्हणाले, "एकीलाही हे जमलं नाही. मलासुद्धा नाही."

सुनेने पेस्टची नळी त्यांच्या हातात दिली. "बाईंचा कॉम्प्युटर संध्याकाळी द्यायचाय. एक थेंब, मधोमध. पुसायला निघालात, तसं लावायलाही शिका."

थेंब पडला. त्यांनी ठोकळा सरळ दाबून बसवला. कडेने किंचित करडी पेस्ट बाहेर आली. वारेवाल्यांचा हात फडक्याकडे गेला.

सुनेने फक्त घसा खाकरला.

त्यांनी फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं आणि त्यावर बसले.