पांडेसऱ्यातली भिंत

चुन्याचा वास आला की पांडेसऱ्यातली आमची खोली आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथेच, सुरतेत, कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचो आणि संध्याकाळी सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरच्या एका फोरमवर लिहायचो. तिथे प्रत्येकाच्या मजकुराखाली सही म्हणून एक चित्रपट्टी असे. तिची पार्श्वभूमी जितकी मळकी, ओरखडलेली, तितकं कौतुक जास्त. मी खोलीतल्या ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंतीचा फोटो काढला, कामावर स्कॅन केला, रंग गडद केले आणि त्यावर माझं टोपणनाव टाकलं. फोरमवर वाहवा झाली, म्हणून त्याची प्रिंट घरी आणून आईला दाखवली. तिने भिंत लगेच ओळखली. "आख्खी दुनियाले आपली भित दखाडी तू?" एवढंच ती म्हणाली. रविवारी बाहेरून आलो तर भिंत पांढरीशुभ्र झालेली, आणि आई ठेवणीतलं लुगडं नेसून, ओल्या चुन्याला पाठ लागू न देता भिंतीपुढे ताठ उभी. "आते काढ फोटू," ती म्हणाली. मी काढला. सहीसाठी तो काही कामाचा नव्हता. फोरम केव्हाच बंद पडला. आईचा एकटीचा असा माझ्याकडे तेवढाच फोटो आहे.