खुर्ची, आंबा, घंटा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही ऐकाल आणि हसाल, मला माहीत आहे. हसा बापा! मलाच सांगताना हसू येतं आहे.

आमचे हे नागपूर-कामठी बस चालवायचे. निवृत्त झाले आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग भाच्याचं नाव, मग जेवलो की नाही तेही. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी स्मरणशक्तीची गोळी सुरू केली, अगदी कमी ताकदीची. म्हणाल्या, अधूनमधून आणत जा, मी तपासेन, त्यावरून गोळी वाढवायची का ते ठरवू.

तपासायच्या म्हणजे काय? तीन शब्द सांगायच्या — खुर्ची, आंबा, घंटा — आणि थोड्या वेळाने परत विचारायच्या. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावायच्या. पहिल्या खेपेला यांना एकही शब्द आठवला नाही. मागच्या बाकावरचं पोरगं पाहतं तसे माझ्याकडे पाहत राहिले. आणि मी कोण? जन्मभर चौथीला शिकवलेली बाई! माझ्या वर्गातलं पोर कधी नापास झालं नाही, आणि माझा नवरा —?

बाहेर बाकावरच्या एका बाईंनी सांगितलं, शब्द दर वेळी तेच असतात. अगं बाई! पेपरच फुटला की!

मग काय — पाठ करून घेतलं. चहासोबत खुर्ची, पोळ्या लाटताना आंबा, आंघोळीआधी घंटा. शेअर ऑटोत तर धमालच. शेजारची माणसंही आमच्यासोबत म्हणायची, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी! हे टाळ्या वाजवायचे. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार मजेत गेले. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ बसलोच कधी होतो?

डॉक्टरबाई खूश. गोळी छान लागू पडली म्हणाल्या, वाढवायची गरज नाही.

आणि घरी? एका सकाळी दूध आणायला गेलेले हे ऑटोत बसून थेट कामठीला पोचले. ज्या रस्त्यावर जन्मभर बस चालवली, तिथून घरी यायचं कसं ते कळेना. एका दुकानदाराने फोन केला, मी जाऊन घेऊन आले. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी कसे असतात? मी म्हटलं, एकदम मस्त.

कबूल करायचं आहे ते हे — हे "एकदम मस्त". यांना जास्त औषध हवं होतं आणि ते मी अडवलं. यांच्यासाठी? छे. माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

मग एकदा आत शिरल्या शिरल्या, खुर्चीत बसायच्या आधीच, हे खणखणीत आवाजात म्हणाले — "खुर्ची, आंबा, घंटा!" डॉक्टरबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी नवे शब्द दिले. यांना एकही आला नाही. आजार वाढला असेल, असं त्या म्हणाल्या, आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

त्यांनी गोळी वाढवली. जादू झाली नाही. ती होणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण काही आठवड्यांनी हे जरा उमलले. दूध घेऊन आपले आपण परत आले. भाच्याला नावाने हाक मारली — मी नाचायचीच बाकी होते! पोरगा फोनवर म्हणतो, आई, तुझ्यामुळे बाबा सावरले. आणि मी हो म्हणते. हो म्हणते!

मध्यंतरी चहा पिता पिता हे माझ्याकडे टक लावून पाहत होते. मग हळूच हसले.

"काय वं, मले कॉपी करवत होती ना तू? डॉक्टरबाईले सांगतलं का?"

आठवलं होतं त्यांना! मी इतकी हसले, इतकी हसले की चहा सांडला. डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल मला.

आता रोज चहाला तेच विचारतात. काल विचारलेलं विसरतात, माझी चोरी तेवढी विसरत नाहीत. आणि मी रोज खरं तेच सांगते — नाही जी, नाही सांगतलं.