पाचवीचं ताट

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी थोरली बहीण, आक्का, मला निरोप द्यायला आली नव्हती, ती एका बाळंतपणावर गेली होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. आक्का आली होती. तीर्थपुरीच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीत मी जागा धरली, तेव्हा ती खिडकीखाली उभी होती. अंगावर नर्सची पांढरी साडी, हातात माझी शिदोरी. शिदोरी आत देताना ती म्हणाली, "बापू, मला बी घेऊन चल. चार महिने तरी. मला इथं झोप येऊन न्हाई राह्यली."

मी म्हणालो, "अन् आई-दादाकडं कोण बघंल? होईल सगळं बराबर."

तिनं मान हलवली. "शिदोरी आडवी करू नको, कालवण सांडंल," एवढंच बोलली. गाडी हलली.

गावाकडच्या भावकीला आणि गाव सोडून लांब गेलेल्या पोरांना हे कळावं म्हणून लिहितो आहे. कारण आक्काला कामाचा कधी शीण आला नाही, ही गोष्ट तुम्ही लग्नाकार्यात एकमेकांना सांगता, आणि ती मी पसरवलेली आहे.

आक्काला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा ती माहेरी आली, आई आणि दादांकडे (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो), नर्सचं ट्रेनिंग घेतलं आणि जवळच्याच उपकेंद्रात लागली. पंचक्रोशीतली बाळंतपणं तिच्या हातची. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाईची पूजा असते. जिनं बाळंतपण केलं तिला बोलावतात, हळदकुंकू लावतात आणि तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढतात. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही. आक्का हसून म्हणायची, "सरकार नुसता पगार देतं. पुरणपोळी सटवाईच देती."

मग गावातल्या कौसाचं बाळंतपण आलं. पोर नीट झालं, पण कौसाचं रक्त थांबेना. जीप मिळाली, जालन्याचा रस्ता धरला, आणि अंबडच्या अलीकडेच आक्काच्या मांडीवर तिनं जीव सोडला. आक्काला कोणी बोल लावला नाही. उलट पाचव्या दिवशी, सुतकामुळे पूजा नसतानाही, कौसाच्या सासूनं तिला बोलावून घेतलं, ताट वाढलं आणि म्हणाली, "सून गेली बाई, पण नातू तर तुझ्याच हातानं आला. जेव."

आक्काच्यानं जेववलं नाही. तिनं शीत तेवढं ओठाला लावलं आणि ताट झाकून घरी आणलं. त्यानंतर दर पाचवीला तेच. आई कौतुकानं म्हणायची, "लेकीचा जीव आमच्यातच. एकटीला गोड लागत न्हाई." आणि आम्ही ती पुरणपोळी खायचो.

एकदा मी खाता खाता विचारलं, "तू काहून खाईना?"

"घास खाली उतरून न्हाई राह्यला, बापू. ताट दिसलं की कौसा दिसती."

मला तेव्हाच सगळं समजलं होतं, हे आज कबूल करतो. पण पुण्याच्या कारखान्यातून मला बोलावणं आलेलं होतं. आक्का आजारी पडली तर मला थांबावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हातातली पोळी मी संपवली.

पुण्यात माझं चांगलं चाललं. दिवाळीत गावी जायचो, "कसं काय, आक्का?" विचारायचो. ती "चाललंय" म्हणायची आणि मला हायसं वाटायचं. आई-दादा तिच्याच हातावर गेले. ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. बायको वारल्यावर मुलीनं मला इकडे मेलबर्नला आणलं. आता माझ्या दिवसात ट्राम आहे, लायब्ररी आहे, डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, आणि नात सई आहे. ती युनिव्हर्सिटीत मिडवाइफरी शिकते.

सुईणी काम का सोडतात आणि ज्या टिकतात त्या कशाच्या बळावर टिकतात, यावर सईच्या विभागात संशोधन चालू आहे. तिनं मला विचारलं, "आबा, आक्काआजी इतकी वर्षं कशी टिकली?" मी ताटाची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. "मान होता, बेटा. थकणं तिला ठाऊकच नव्हतं." सईनं ते वर्गात सांगितलं. तिच्या बाईंना इतकं आवडलं की आक्काची परवानगी घेऊन ते संशोधनात घालायचं ठरलं. सई फोन लावून द्या म्हणायची. मी कधी आक्काच्या कानाचं कारण सांगायचो, कधी गावातल्या नेटवर्कचं.

मागच्या महिन्यात सईसमोर एक बाळ दगावलं. इथे अशा वेळी मुलीला एकटं सोडत नाहीत. पुढची शिफ्ट दुसरीला देतात, अनुभवी सुईण तिच्याजवळ बसून ऐकून घेते. 'डीब्रीफ' म्हणतात त्याला. सई त्याला गेलीच नाही. घरी येऊन म्हणाली, "आक्काआजीला कोणी असं बसवून ऐकलं होतं का? तरी ती टिकली. मीच वीक आहे, आबा. मी कोर्स सोडते."

माझी थाप माझ्याच नातीच्या मानेवर बसली होती. मी तिला कौसा सांगितली, स्टँड सांगितलं. तिनं माझा मोबाइल उचलून माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "फोन लावा."

"बापू? बिगर दिवाळीचा फोन?" आक्का म्हणाली. "कोणी गेलं का काय?"

"न्हाई आक्का. स्टँडवर तू मला म्हणाल्ती, घेऊन चल..."

आक्कानं मला तिथंच अडवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तू इसरला."

"इसरलो न्हाई."

"बरं झालं सांगितलं. मला आजवर वाटायचं, मीच काही तरी भलतं मागितलं." मग तिनं विचारलं, "पोरगी हाय का तिथं? तिला दे फोन. अन् तू बाहीर जा. तुझ्याम्होरं मला बोलता न्हाई यायचं."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. काचेतून सई दिसत होती. तिची मराठी मोडकी, आक्काला ऐकू कमी येतं, तरी बोलणं चालूच होतं. एकदा सई रडली. एकदा, कशावरून कोण जाणे, दोघी हसल्या असाव्यात.

इथले लोक मला घर कुठलं विचारतात, तेव्हा मी तीर्थपुरी सांगायचो. त्या दिवशी पायरीवर बसून वाटलं, ते नाव घ्यायचा हक्क मी त्या गाडीच्या खिडकीत बसल्या बसल्या घालवला. आता माझं घर म्हणजे ती आतली खोली, जिथं आक्का अखेर बोलत होती. तिथं मला जागा नव्हती. ऊन उतरलं, गारठा पडू लागला, तरी मी दार वाजवलं नाही.