फ्रिजवरची यादी

"तुमच्या मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. शौचातून रक्त पडत होतं ते त्यामुळेच. माझी अश्विनी तेव्हा अकरावीत होती.

कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. गोळ्या सुरू झाल्या. "रक्त थांबेपर्यंत मऊ भात, मुगाचं वरण. तिखट, कच्चं, दूध तात्पुरतं बंद. मग हळूहळू सगळं सुरू करा." मी 'बंद' तेवढं ऐकलं.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी लिहून फ्रिजवर चिकटवली. घरी फोन नव्हता, तरी चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगभर बातमी पोचली. जो येई तो शहाळं ठेवून जाई आणि यादीत भर घालून जाई. नणंदेने गहू बंद केला. शेजारच्या काकूंनी अंडी. कुणाच्या तरी भाच्याला बाधली म्हणून मासळी गेली. मालवणी घरातून मासळी! मी प्रत्येक ओळ इमानेइतबारे लिहिली, वर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली.

रक्त तीन आठवड्यांत थांबलं. यादी तशीच राहिली.

अर्नाळ्याहून येणाऱ्या मासळीवालीने एकदा दारातून अश्विनीला पाहिलं. "ताई, पोर सुकली तुमची. पापलेट शिजवून त्याचं पानी तरी द्या तिला." तुला काय कळतं, म्हणत मी दार लावून घेतलं.

कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. पाळी थांबली. एक दिवस ती कॉलेजात चक्कर येऊन पडली आणि पुन्हा हॉस्पिटल. बाकड्यावर बसून दोन दिवस रिपोर्टची वाट पाहिली. आजार उलटला, असंच मी धरून चालले होते.

"आतडं शांत आहे," डॉक्टर म्हणाले. "ही उपाशी आहे. सुरू करायलाही मीच सांगितलं होतं ना?"

सल्ले देणारं तिथे कुणी नव्हतं. आणि त्यांना तरी काय बोलणार? स्वयंपाकघर माझं होतं. माझी मला लाज वाटली, अजून वाटते.

तुमच्या घरी हा आजार आला, तर काय बंद करायचं ते विचाराल तसं कधी सुरू करायचं तेही विचारा. प्रत्येकाला बाधणारं वेगळं असतं. गोळ्या मनाने सोडू नका. भेटायला येणाऱ्यांना चहा द्या, पेन देऊ नका.

अश्विनी सावरली. आता नोकरी करते, संसार करते, मासळी खाते. त्रास झाला की डॉक्टरांना गाठते. यादी मी डॉक्टर ते बोलले त्याच दिवशी फाडली होती. तरी माहेरी जेवायला बसली की पहिला घास हातात धरून ती माझ्या तोंडाकडे बघते.