पिवळ्या पिशवीचा नियम

वडीगोद्रीजवळच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. बाळंतपण झालं की घरच्या बाया बाळाची वार मागायच्या. आमच्याकडे ती हळदकुंकू वाहून अंगणात पुरायची रीत आहे. मी खेकसायचे, "न्हाई मिळणार. ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाते, नियम आहे." एका आजीनं वार न्यायला आणलेलं नवं मडकं तर मी तसंच परत पाठवलं.

मग चौथ्या महिन्यात माझाच गर्भ पडला, त्याच दवाखान्यात. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या हाताखालची नर्स पिवळ्या पिशवीचं तोंड बांधत होती.

"मला दे," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. "ताई, तुम्हीच शिकवलंय ना."

दुपारी कचऱ्याची गाडी आली. गाडीवाल्यानं पिशवी तोलली, वजन लिहिलं आणि वही पुढं केली. सहीचं काम माझंच होतं. मी पलंगावरूनच सही केली.